हेड उघडण्याआधी गेज लावा: जुन्या ट्रॅक्टरचं कॉम्प्रेशन तपासण्याची रीत

“कॉम्प्रेशन गेलंय, इंजिनचं काम काढावं लागेल.” जुना ट्रॅक्टर दारात असलेल्या शेतकऱ्याने हे वाक्य ऐकलं नाही असं सहसा होत नाही. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते. ते ऐकलं की बहुतेक जण ट्रॅक्टर गॅरेजला लावतात, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरतं, पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) यांचे सेट येतात आणि उसाच्या बिलाचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. माझं सांगणं एवढंच की त्या वाक्यावर दोन प्रश्न विचारा. कुठल्या सिलिंडरचं गेलंय? आणि किती गेलंय? आवाजावरून किंवा धुरावरून याची खात्रीची उत्तरं मिळत नाहीत, दाब मोजायचं गेज लावलं की मिळतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि हाताला पाना चालवायची सवय असलेल्या कुणालाही जमतं.

मी मॅसी १०३५ धरून लिहितोय, कारण घरी तोच आहे. तीन सिलिंडर, २४०० सीसी, डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जातं. महिंद्रा २६५ डीआय किंवा तशा इतर डायरेक्ट इंजेक्शनच्या ट्रॅक्टरना रीत हीच, फक्त नोझलची (डिझेल फवारणाऱ्या तोटीची) बांधणी थोडी वेगळी असते. ज्यांच्याकडे अजून महिंद्राचा जुना बी-२७५ आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पडतं, म्हणून त्याला हीटर प्लग आहेत. त्याचे आकडे १०३५ च्या आकड्यांशी ताडून बघू नका.

कॉम्प्रेशनवर एवढं का अडतं, हे थोडक्यात सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पिस्टनच्या रिंगमधून किंवा व्हॉल्व्हच्या बुडातून हवा निसटली की दाब कमी, दाब कमी की उष्णता कमी, आणि डिझेल न जळताच बाहेर पडतं. थंडीच्या सकाळी सेल्फ मारताना सायलेन्सरमधून डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर येतो, तो बऱ्याचदा हाच.

पण पांढरा धूर म्हणजे कॉम्प्रेशनच गेलं असं नाही. नोझल थेंब टाकत असेल, पंपाचं टायमिंग हललं असेल, डिझेलच्या लायनीत हवा असेल किंवा सेल्फ जडपणे फिरत असेल, तरी तसाच धूर येतो. म्हणून गेज आणण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या.

पहिली बॅटरी. सेल्फ हळू फिरला तर धडधाकट इंजिनही गेजवर कमी दाखवतं, कारण पिस्टन सावकाश वर येतो आणि हवेला निसटायला वेळ मिळतो. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर धरा. दहा व्होल्टच्या फार खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, टर्मिनल घासा आणि बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी घट्ट करा. ही पट्टी कुणी बघत नाही आणि जुन्या ट्रॅक्टरला अर्धा त्रास तिचाच असतो.

दुसरी गोष्ट एअर क्लीनर. तो चोंदला असेल तर सिलिंडरमध्ये हवाच पुरती जात नाही. तपासणीच्या वेळी त्याचा होज काढून ठेवलेला बरा, मात्र उघड्या तोंडावर स्वच्छ जाळीचं कापड बांधा.

तिसरी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग. त्याच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये गॅप राहिला नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन शून्यावरही जाऊ शकतं. हा दोष हेड न उघडता दुरुस्त होतो, म्हणून तो आधी काढायचा. गॅप किती ठेवायचा ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असतं, आणि इंजिन थंड असताना की गरम असताना मोजायचा तेही लिहिलेलं असतं.

गेज कुठलं घ्यायचं

मोटरसायकलचं गेज डिझेलला लावू नका. पेट्रोल इंजिनाचं गेज साधारण ३०० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं माप) असतं आणि डिझेल इंजिन पहिल्या दोन-तीन झटक्यांतच त्याच्या पलीकडे जातं. काच फुटून तोंडावर येऊ शकते. डिझेलचं गेज १००० पीएसआयचं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० किलोचं असतं. सोबत वेगवेगळ्या नोझलच्या आकाराचे अडॅप्टर येतात. अडॅप्टर म्हणजे पोकळ नोझलच समजा, नोझलच्या जागी तसाच बसतो.

तुमच्या ट्रॅक्टरचा अडॅप्टर मिळाला नाही तर लेथवाल्याकडून करून घेता येतो. खराब झालेली नोझल होल्डरसकट न्या, आतला माल काढून आरपार भोक मारा आणि वर गेजच्या होजचे आटे पाडून घ्या. यात एकच बारकावा आहे, पण महत्त्वाचा. हवा परत फिरू न देणारा व्हॉल्व्ह अडॅप्टरच्या अगदी खालच्या टोकाला हवा, वर गेजपाशी नको. कारण सोपं आहे. एका सिलिंडरचे ८०० सीसी जिथे दाबले जातात ती जागा जेमतेम ५० सीसीची असते. त्यात होजची पोकळी मिसळली की जागा वाढते आणि चांगलं सिलिंडरही आजारी दिसतं. तिथे टायरचा साधा व्हॉल्व्ह पिन घालू नका. त्याची स्प्रिंग कडक असते, तेवढा दाब ती खाऊन टाकते. गेजसाठी मऊ स्प्रिंगचा पिन वेगळा मिळतो.

गेजशिवाय लागेल ते असं: रिंग पाने आणि सॉकेट, तारेचा ब्रश, नोझलखालचे नवे तांब्याचे वॉशर (सिलिंडरमागे दोन घ्या), पाइपांची तोंडं झाकायला प्लास्टिकच्या टोप्या, धुतलेल्या सुती चिंध्या, पाच मिलिची औषधाची सिरिंज आणि वही-पेन.

नोझल काढणं

इंजिन आधी पंधरा-वीस मिनिटं चालवून तापवा. गरम इंजिनात रिंग फुललेल्या असतात आणि ऑइल सगळीकडे पोचलेलं असतं, त्यामुळे खरा आकडा मिळतो. सुरूच होत नसेल तर थंड इंजिनावर तपासा, पण मग आकडा पुस्तकाशी न ताडता सिलिंडर एकमेकांशी ताडा.

ट्रॅक्टर सपाटीला लावा, गिअर न्यूट्रल, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा दांडा) बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. इंजिन बंद करायचा नॉब ओढलेलाच राहील असा तारेने बांधून टाका, म्हणजे सेल्फ मारताना पंप डिझेल सोडणार नाही. जवळ विडी-काडी नको. उघड्या भोकांतून डिझेलची वाफ बाहेर येते.

आता नोझलभोवतीची घाण. या कामात जो वेळ द्यायचा तो इथे द्या. वर्षानुवर्षांचं ऑइल आणि धूळ मिळून तिथे काळी पेंड बसलेली असते. तारेच्या ब्रशने ती खरवडा, चिंधीने पुसा, हवा मारा. नोझल उचलल्यावर यातला वाळूचा एक खडा जरी भोकात पडला तरी तो लायनरवर चर पाडतो. निरोगी इंजिन तपासायला गेलो आणि बिघडवून आलो, असं व्हायला नको.

ओव्हरफ्लोचा (नोझलमधलं जादा डिझेल परत नेणारा) पाइप आधी काढा, मग डिझेलचे पाइप. पाइपाचा नट सोडवताना खालचा होल्डर दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर तोच फिरतो. पाइप सुटला की दोन्ही तोंडांना लगेच टोप्या. १०३५ ला नोझल दोन नटांनी दाबलेली असते. दोन्ही नट अर्धा-अर्धा फेरा आळीपाळीने सोडवा. एकच नट पूर्ण काढला तर नोझल तिरकी होऊन अडकते. जाम असेल तर आदल्या रात्री गंजतेल सोडून ठेवा आणि सकाळी डावी-उजवी हलवत काढा. हातोडी मारू नका.

रेडिएटरच्या बाजूचं सिलिंडर एक नंबर. त्या क्रमाने प्रत्येक नोझलला खूण करा, ज्या भोकातली त्याच भोकात परत गेली पाहिजे.

नोझल हातात आली की तिच्या टोकाला तांब्याचा वॉशर आहे का बघा. नसेल तर तो भोकाच्या तळाला चिकटून राहिलाय. बॅटरीच्या उजेडात डोकावून बघितलं तर कडेला काजळीच्या रंगाची बारीक गोल कड दिसते, बहुतेकांना ती हेडचाच भाग वाटते. शेजारच्यांच्या ट्रॅक्टरवर माझ्याकडून हीच चूक झाली. जुना वॉशर तळाला तसाच होता, वर मी नवा घातला, अडॅप्टर नीट बसला नाही आणि दोन नंबरचा आकडा घसरला. हेड उतरवायचं ठरलंही होतं. संध्याकाळी सहज तारेचा आकडा करून भोकात फिरवला तर जुना वॉशर वर आला. पुन्हा गेज लावलं, सिलिंडर बाकीच्यांइतकंच भरत होतं. तेव्हापासून निघालेले वॉशर मी मोजून चिंधीवर ओळीने मांडतो. तीन नोझल, तीन वॉशर, मगच पुढे.

मोजणी

तिन्ही नोझल काढलेल्याच ठेवा. इंजिन हलकं फिरतं आणि प्रत्येक सिलिंडरला सारखाच वेग मिळतो. गेज लावण्याआधी भोकांवर सैल चिंधी टाकून दोन-तीन सेकंद सेल्फ मारा, आत पडलेली काजळी उडून जाईल. तोंड लांब ठेवा.

अडॅप्टरला नवा वॉशर घाला, एक नंबरमध्ये बसवा, दोन्ही नट सारखे आवळा. काही जुन्या इंजिनांना हवेच्या वाटेवर झडप असते, तशी असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण ओढून ठेवा. मग एकाने गेज बघायचं आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. पाच-सहा सेकंद, काटा चढायचा थांबेपर्यंत. त्यानंतर सेल्फला मिनिटभर विश्रांती.

प्रत्येक सिलिंडरचे दोन आकडे लिहा: पहिल्या झटक्याला काटा कुठे गेला आणि शेवटी कुठे थांबला. बरेच मिस्त्री फक्त शेवटचा बघतात, पण पहिला झटकाच जास्त बोलतो. निरोगी सिलिंडर पहिल्याच झटक्याला अर्ध्याच्या वर उडी मारतं आणि भराभर चढतं. रिंग झिजल्या असतील तर पहिली उडी छोटी, मग काटा प्रत्येक झटक्याला थोडाथोडा चढत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिली उडी छोटी आणि पुढे चढणंही जवळपास नाही. प्रत्येक सिलिंडर दोनदा मोजा. दोन वेळचे आकडे जुळले नाहीत तर आधी वॉशर आणि अडॅप्टरची बैठक बघा. बुडाशी साबणाचं पाणी सोडलं तर बुडबुडे लगेच दिसतात.

खरा निकष तुमच्या मॉडेलचं पुस्तक. ते नसेल तर डायरेक्ट इंजेक्शनच्या अशा इंजिनाला गरम असताना ३५० ते ४५० पीएसआय, म्हणजे साधारण २५ ते ३२ किलो, हा चांगला आकडा धरा. ३०० च्या खाली थंडीत सुरू व्हायला त्रास होणारच. पण एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत ५० पीएसआयहून जास्त अंतर असेल तर दोष आहे असं समजून शोधायला लागा. तिन्ही ३४० वर असलेलं इंजिन अजून काही हंगाम काढेल. दोन ४०० वर आणि एक २५० वर असेल तर मात्र ते वाट बघायचं इंजिन नाही.

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. महाबळेश्वराच्या उंचीवर हवाच मुळात विरळ असते, त्यामुळे कोकणपट्टीत ४०० दाखवणारं इंजिन तिथे ३४० च्या आसपास दाखवेल. त्यात इंजिनाचा दोष नाही.

ऑइल टाकून बघणं

एखादं सिलिंडर कमी आलं की त्यात ऑइल टाकून पुन्हा मोजायचं, हे सगळे सांगतात. ऑइल रिंगभोवती पसरून तात्पुरतं सील करतं. आकडा वाढला तर रिंग-लायनर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचं गॅस्केट. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ५० सीसीची. तिच्यात पाच मिलि ऑइल घातलं की ती ४५ ची झाली. जागा घटली म्हणजे दाब वाढणारच, रिंग कशाही असोत. म्हणून तेवढंच ऑइल एका चांगल्या सिलिंडरमध्येही टाका आणि दोन्हीकडे किती वाढ झाली ते बघा.

माझ्या ट्रॅक्टरचे आकडेच देतो. एक नंबर ३९०, दोन नंबर ३८०, तीन नंबर २४०. गॅरेजमध्ये तिन्ही पिस्टन-लायनर बदलायला सांगितलं होतं. मी तीन नंबरमध्ये पाच मिलि ऑइल टाकलं, आकडा २६५ झाला. वाढला म्हणजे रिंग गेल्या, असं कुणीही म्हटलं असतं. मग तेवढंच ऑइल एक नंबरमध्ये टाकलं, तर ३९० चे ४३० झाले. दोन्हीकडे वाढ दहा टक्क्यांच्या आसपासच, म्हणजे ती फक्त ऑइलने अडवलेल्या जागेची होती. तीन नंबरच्या रिंगवर संशय घ्यायला काही उरलं नाही. रिंग खरोखर झिजलेल्या असत्या तर २४० वरून काटा ३०० च्या पार गेला असता.

पाच मिलिपेक्षा जास्त ऑइल कधीही टाकू नका. ऑइल दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर जाऊन अडला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल टाकल्यावर आधी उघड्या भोकाने इंजिन दोन फेरे फिरवायचं, जादा असेल ते उडून जातं, मग गेज लावायचं. आणि जोर वाढावा म्हणून ईथरचा स्प्रे मारायचा मोह आवरा. तपासणीत नाही आणि एरवीही नाही.

हवा कुठून जाते ते ऐकणं

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मिळाला तर हा शेवटचा टप्पा करा, हेड न उघडता दोष हातात येतो. टॅपेटचं कव्हर काढा. कमी आलेल्या सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह उघडून पूर्ण मिटेपर्यंत पुढची पुली पान्याने फिरवा आणि तिथून अर्ध्या फेऱ्याहून थोडी कमी फिरवा. दोन्ही टॅपेट बोटाने हलतात म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेत. गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक लॉक करा. हे चुकवू नका. हवा सोडताच पिस्टन खाली ढकलला जातो आणि पंखा फिरतो, जवळ असलेला हात सापडतो. सेल्फची वायर काढून ठेवा. आता अडॅप्टरमधला पिन काढून पाच-सहा किलोची हवा सोडा आणि आजूबाजूचं सगळं शांत करून ऐका.

सायलेन्सरमधून फुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर क्लीनरच्या बाजूने आला तर इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून किंवा ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोरात आला तर रिंग, लायनर किंवा पिस्टनच फुटलेला (थोडी हवा तिथून चांगल्या इंजिनातही येते, तेवढ्याने घाबरू नका). रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले तर गॅस्केट जळालंय किंवा हेडला चीर आहे. शेजारच्या सिलिंडरच्या नोझलच्या भोकातून हवा आली तर दोघांमधलं गॅस्केट गेलंय. अशा वेळी मोजणीतही शेजारची दोन्ही सिलिंडर जोडीने कमी आलेली असतात.

माझ्या तीन नंबरची हवा सायलेन्सरमधून येत होती. तळहात धरला तर सरळ वारा लागत होता. हेड उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी नखाएवढी जळालेली निघाली. लायनरला वरच्या बाजूला बोट फिरवून पाहिलं, झिजेची पायरी लागत नव्हती. नवा व्हॉल्व्ह, सीट कापून घेतली, बाकीचे व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवले, नवं गॅस्केट. पिस्टनला हात लावावा लागला नाही.

तिन्ही सिलिंडर सारखीच खाली आली असतील, ऑइलने तिन्हीकडे मोठी वाढ दिसत असेल आणि ब्रीदर चुलीसारखा धूर टाकत असेल, तर मात्र मिस्त्रीचं म्हणणं खरं आहे, इंजिनचं काम काढा. त्याबरोबर एअर क्लीनरची वाटीही उघडून बघा. ऑइलबाथची (धूळ पकडणाऱ्या ऑइलची) वाटी कोरडी किंवा चिखलाने भरलेली असेल तर लायनर मळणीच्या धुळीने खाल्लेत. वाटी तशीच ठेवली तर नवा सेटही ती धूळ तसाच खाईल.

परत जोडताना

प्रत्येक नोझलखाली नवा वॉशर, जुना भाजून पुन्हा घालू नका. वॉशर ग्रीसच्या ठिपक्याने नोझललाच चिकटवा म्हणजे वाटेत पडणार नाही. नट आळीपाळीने आणि पुस्तकात दिलेल्या ताणाने आवळा. एका बाजूने जास्त आवळलं तर नोझलची सुई आत अडकते. नॉबला बांधलेली तार सोडा. बरेच जण ती विसरतात आणि ट्रॅक्टर का सुरू होत नाही म्हणून घाम गाळतात.

मग हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी मारत राहा. फेस थांबून सलग डिझेल आलं की आवळा. पुढे पाइपांचे नट नोझलच्या टोकाला एक फेरा सैल ठेवून सेल्फ मारा, डिझेलच्या पिचकाऱ्या यायला लागल्या की एकेक आवळत जा. चालू इंजिनावर गळती शोधायला पाइपावर बोट फिरवू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि बाहेर सुईच्या टोकाएवढीच जखम दिसते. असं झालं तर ‘एवढंसंच आहे’ म्हणून घरी थांबू नका. त्याच तासाला दवाखान्यात जा आणि डिझेल दाबाने आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधायची.

इंजिन सुरू झाल्यावर आत राहिलेल्या ऑइलमुळे काही मिनिटं निळसर धूर येईल, तो जळून जातो. इंजिन पूर्ण तापलं की प्रत्येक नोझलच्या बुडाशी साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा. बुडबुडा उठला तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर ती नोझल पुन्हा बसवा. आकडे, तारीख आणि तासाच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहून वही टूलबॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वर्षी गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा मोजाल, तेव्हा ताडून बघायला याच इंजिनाचे मागचे आकडे हाताशी असतील.